दोरीने फिरवायची मोटर

माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी आणि मी पनवेलजवळच्या आमच्या गावात मसाला कांडप सुरू केलं. दिरांनी एका बंद कारखान्यातली जुनी मोटर आणली. ती चालणार थ्री फेजवर आणि आमच्या घरात वीज सिंगल फेज. नव्या जोडणीचा अर्ज केला होता, पण मिरचीचा हंगाम थोडाच थांबतो! शेवटी बाजारातल्या एका वायरमनने मोटरला कपॅसिटर जोडून दिला.

"एकदा फिरली की चालत राहील," तो म्हणाला, "पण आपणहून उठणार नाही, नुसती घुमेल. आधी हाताने गती द्या, मग बटण दाबा. आणि मिरची अर्धीच घाला, नाहीतर तापेल."

म्हणजे मोटरच्या चाकाला दोरी गुंडाळायची, एकीने ती झटक्यात ओढून काढायची आणि दोरी सुटली की दुसरीने बटण दाबायचं. पहिल्या दिवशी मी दोरी धरली आणि घाबरून सोडून दिली.

"तू बटनाजवल रहा," जाऊबाई म्हणाल्या. मी त्यांना ताई म्हणायचे. "दोरी मी वढतंय."

मला हायसं वाटलं. मग दोरी कायमची त्यांच्याकडेच राहिली. मीही कधी मागितली नाही.

एका दुपारी खांदा कॉलनीतल्या बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन बसल्या होत्या. एकीने काहीतरी विचारलं, मी तिच्याकडे वळून उत्तर देत होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून ताईंचा खांदा हललेला दिसला आणि मी बटण दाबलं. दोरी अजून चाकावरच होती. चाकाने ती आत खेचली, तिच्याबरोबर ताईंचा हातही. मी बटण बंद केलं तोवर उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती.

रिक्षात त्या कण्हत होत्या ते बोटांपेक्षा जखमेत गेलेल्या तिखटामुळे. मी दवाखाना येईपर्यंत फुंकर घालत राहिले.

"ताई, मी घाई केली."

"दोरी माझ्या हाती व्हती," त्या म्हणाल्या.

घरी त्यांनी दिरांना सांगितलं, "माझाच हात दोरीत आरकला." मी सगळ्यांसमोर म्हटलं की नाही, बटण मी आधी दाबलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता बोलून काय व्हनार हाय? जेवून घे." त्यापेक्षा कोणी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

पावसाळ्यानंतर थ्री फेजची जोडणी आली. मोटर एका बटणावर सुरू होऊ लागली. ताईंची बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत. तांदळाची भाकरी त्यांच्यासारखी पातळ गावात कोणी थापत नसे, ती थापणं सुटलं. आता भाकऱ्या मी करते. माझ्या जाड होतात, कडेला चिरतात. त्या मुकाट खातात.

एकदा जेवताना मला राहवलं नाही. "ताई, एकदा तरी रागवा ना माझ्यावर."

"रागवून बोटं वलनार हायेत का?" त्या म्हणाल्या आणि डाव्या हाताने ताट पुढे सरकवलं. "कालवन वाढ."