हमीद मिस्त्री आणि रिंगांची फट

इंजिनाला हात लावायच्या आधी हात धुणारा मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला. आपण सगळे काम झाल्यावर धुतो. हमीद आधी कोपरापर्यंत साबण लावायचा आणि म्हणायचा, "भाईसाब, इंजन के पेट में मेहमान बनके जाने का."

तो सिंगापूरचाच मलय. हिंदी सिनेमे बघून शिकलेला, म्हणून बोलणं निम्मं हिरोसारखं, निम्मं इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावलेलं. मी जुरोंग ईस्टला मुलाकडं राहायला आलो आणि फिरता फिरता त्याचं वर्कशॉप सापडलं. तीन दिवस दारात उभा राहिलो. मुलगा म्हणाला, "बाबा, इथं असं कुणाच्या दुकानात डोकावत नाहीत." चौथ्या दिवशी हमीदनंच स्टूल पुढं केलं.

मी चौथी शिकलेला. पण मिरजेला चाळीस वर्षं ट्रकची इंजिनं बांधली आहेत. मला कुणी काही शिकवावं असं उरलं नव्हतं, हे माझं मत.

हमीद तेव्हा मुलीचा, नूरचा, पिकअप ट्रक तयार करत होता. पुलापलीकडं मलेशियात शर्यतीच्या ट्रॅकवर ती तो पळवणार होती. आठ सिलिंडर, वर हवा कोंबणारा सुपरचार्जर. कंपनीच्या पिस्टनांना तेवढा मार सोसत नाही, म्हणून आतले पिस्टन, कनेक्टिंग रॉड, रिंगा, सगळं दणकट घालायचं होतं. वर्कशॉपच्या जागेची मुदत संपत आलेली; हे त्याचं शेवटचं इंजिन.

एका सिलिंडरच्या, पिस्टनवर चढवायच्या रिंगा त्यानं मला टोकं घासायला दिल्या. रिंगेच्या दोन टोकांत किती फट हवी, ते फट मोजायच्या फिलर गेजचं पान काढून दाखवलं. एवढी ढिली रिंग आमच्याकडं नवशिकाही बसवणार नाही. मी माझ्या अंदाजानं फट कमी, रिंग घट्टच ठेवली आणि त्याला सांगितलं नाही.

इंजिन जुळलं. दुसऱ्या दिवशी सुरू करायचं. चहा पिताना मी टोमणा मारला, "हमीदभाई, रिंग इतना ढीला? नजर गया क्या?"

तो हसला. "ये सादा ट्रक नहीं, लाह. ज्यादा हवा, ज्यादा आग. रिंग गरम होके फूलेगा. जगह नहीं मिला तो दोनों सिरा टकराएगा, पिस्टन तोड़ेगा. और स्टिअरिंग पे मेरी बेटी होगी."

मी कप खाली ठेवला. "मेरा वाला नापा?"

"आपके हाथ का काम. मैं काहे को नापेगा?"

चाळीस वर्षांत मी कुणापुढं चूक कबूल केलेली नाही, बायकोला विचारा. पण तेव्हा म्हणालो, "खोलो. मैंने टाइट रखा है. जानबूझकर."

हमीद उठला. त्यानं नळावर हात धुतले आणि नळ तसाच चालू ठेवून माझ्यासाठी बाजूला सरकला. "चलो. पिक्चर में इंटरवल तो होता है."

दोन दिवस गेले. सुपरचार्जर उतरवला, हेड काढलं, पिस्टन बाहेर घेतला. मी फट वाढवली, गेजचं पान तीनदा घालून पाहिलं. हमीद मुद्दाम पाठ करून बसला होता. यावेळीही त्यानं मोजलं नाही.

पुढं वर्कशॉप बंद झालं आणि तो पुलापलीकडं जोहोरला नूरकडं राहायला गेला. मला मात्र तो आठवतो शर्यतीच्या दिवशीचा. नूर ट्रक पळवून परत आली, बॉनेट उघडलं, माणसं जमली. कुणीतरी विचारलं, इंजिन कुणी बांधलं? हमीद मलयमध्ये काहीतरी बोलला आणि सगळे माझ्याकडं बघून हसायला लागले.

"क्या बोला?" मी विचारलं.

"सच बोला, भाईसाब. सात सिलिंडर मेरा, एक आपका. आपने दो बार बांधा, तो अच्छा वाला आपका."

मी मान ताठ केली आणि त्या लोकांशी एकेक करून हात मिळवला.