ओसरीवरचा संधिवाताचा वर्ग

किस्से जमवायला आम्ही कुणी बसत नाही. तरी दर रविवारी आमच्या ओसरीवर एखादा मागे राहतोच, आणि सोमवारी मैत्रिणींना तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आंधळगावात आमच्या घरी नेटवर्क बरं येतं, म्हणून संधिवाताच्या पेशंटांचा ऑनलाइन वर्ग आमच्याकडे भरतो. नागपूरहून डॉक्टर मॅडम शिकवतात. समोर चौघं: माझी आई, शेजारच्या शांताकाकू, त्यांच्या सासूबाई म्हणजे पार्बताआजी, आणि तलावात मासे धरणारे ईश्वरमामा. मोबाइल मी धरते. धरणारा स्क्रीनवर दिसत नाही, ते मला बरं पडतं.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, स्वतःच्या हातानं पुन्हा काय करायचं आहे? आईला कणीक मळायची होती, काकूंना नळ घट्ट बंद करायचा होता. मामांनी सुजलेली बोटं दुपट्ट्याखाली झाकली होती. वर्षभरापासून त्यांचं जाळं खुंटीला होतं. म्हणाले, "मले जाळं फेकाचं आहे."

सूज उतरेपर्यंत मनगटाला झटका द्यायचा नाही, असं मॅडमनी बजावलं. मामांनी मान हलवली. पण तेव्हापासून प्रत्येक वर्ग संपताना त्यांचा एकच प्रश्न: "आता फेकू?"

*

एकदा मॅडम म्हणाल्या, दुखणं दहापैकी किती आहे ते बोटं वर करून दाखवा.

आजींनी आपले वाकडे झालेले हात मोबाइलसमोर धरले. "बोटं सरळ होत असती त मी इथं कायले आली असती, बाई?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांचाच कॅमेरा हलला. पुढच्या रविवारपासून त्या विचारू लागल्या, "आज चहाचा कप कोणी एका हातानं उचलला?"

*

बारीक दांड्याला जाड मूठ लावली की बोटांवर जोर कमी येतो, हे मॅडमनी शिकवलं. काकूंनी आठवड्याभरात झाऱ्याला, झाडूला मस्त रबरी मुठी बसवल्या. मॅडमनी तोंडभर कौतुक करून विचारलं, कुठून आणल्या?

तेवढ्यात काका अंगणात सायकल घेऊन आले. हँडल दोन्हीकडून नागडं!

*

आजींची एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. विसरू नये म्हणून मॅडमनीच बाजाराचा दिवस ठरवून दिला होता. आजी कधी चुकल्या नाहीत. एका रविवारी मात्र समजलं, या आठवड्यात गोळी घेतलीच नाही.

मॅडम काळजीत पडल्या. का घेतली नाही?

"मतदान होतं ना. बाजारच नाही भरला."

*

मामा न चुकता गोळ्या घेत होते, कोमट पाण्यात मूठ उघडमिट करत होते. जोर बोटांवर न देता कोपरावर घ्यायचा, हेही शिकले. पावसाळा संपता संपता मनगटाची सूज उतरली. त्या रविवारी मामांनी पुन्हा विचारलं आणि मॅडम म्हणाल्या, "फेका. पण माझ्यासमोर."

अख्खा वर्ग तलावाच्या पाळीवर गेला. मी मोबाइल उंच धरला. मामा गुडघाभर पाण्यात उतरले आणि जाळं फेकलं. ते गोळा होऊन बदकन पडलं. आईनं माझा खांदा घट्ट धरला.

मामांनी जाळं ओढून सावकाश सारखं केलं, दोरी बोटांऐवजी कोपराला गुंडाळली आणि या वेळी कंबरेतून वळले. जाळं हवेत गोल उघडलं.

मॅडमनी मोबाइलमधून विचारलं, "मामा, दुखतंय का?"

मामा पाण्याकडेच बघत होते.

"दुखून राहिलं ना, मॅडम. पन आता बोलू नोका. मासोया पळतेत."