जशी नेताय, तशी आणा

लोक ट्रिपहून फोटो आणतात, काजू आणतात, फार तर सर्दी आणतात. मी आणि शकील त्या एका बाइक ट्रिपहून एवढ्या फजित्या घेऊन आलो की आमच्या टेस्टिंग टीमला टपरीवरच्या चहाबरोबर दुसरं काही तोंडी लावायची गरजच उरली नाही. फजित्यांचं एक असतं, एक सांगायला घेतली की तिचं शेपूट धरून दुसरी येते. बाकीचे हसतात. मीही हसतो, पण माझे कान गरम होतात. अजूनही होतात.

पुण्यात तेव्हा आयटीचं वारं नवं होतं. आम्ही गळ्यात आयकार्ड घालून लग्नालासुद्धा जायचो! आमचं काम एकच, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या. चुका काढायचा पगार मिळतो म्हटल्यावर पुणेकराला आणखी काय हवं?

शकील माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. त्याच्या वडिलांना मी चाचा म्हणायचो. त्यांचा सदाशिव पेठेत टायपिंगचा क्लास होता, तो कॉम्प्युटर आल्यावर बंद पडला. "ज्या यंत्रानं मला घरी बसवलं, त्याच यंत्रावर मुलगा पोट भरतो. म्हणजे घरातलं घरातच राहिलं," असं ते म्हणायचे. चाचांचं मराठी इतकं शुद्ध आणि इतकं खवचट होतं की पेठेतली माणसंही त्यांच्याशी जपून बोलायची.

*

एक मोठं रिलीज पार पडलं आणि आम्हाला आठवड्याची सुट्टी मिळाली. शकीलनं ठरवलं, कर्नाटकात कुद्रेमुखला जायचं. डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान, आणि मधून रस्ता जातो. गाडी कुठली? तर चाचांची काळी बुलेट! शकीलच्या जन्माआधीची. ती चाचांनी आजवर कोणाला दिली नव्हती, शकीललाही नाही.

या वेळी मात्र ते हो म्हणाले. "उभी राहून राहून माझ्यासारखी व्हायला लागली आहे. तिला फिरवून आणा."

निघायच्या दिवशी सकाळी चाचा पिवळ्या फडक्यानं टाकी पुसत होते. मी पडलो टेस्टर. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला बग सापडला! टाकीच्या मागच्या कडेला, चालवणाऱ्याच्या पोटाशी, उजवीकडे बारीक रेघोट्यांचं जाळं होतं.

"चाचा, इथे आधीच ओरखडे आहेत हं," मी म्हणालो. "नंतर आमच्या नावावर नकोत."

शकीलनं कपाळाला हात लावला. ज्यांनी जिवापाड जपलेली गाडी हातात ठेवली, त्यांना मी आधी त्यातली खोट दाखवत होतो!

चाचांनी फडकं झटकलं. "ते जुने आहेत. ते चालतात." मग दोन हेल्मेटं आमच्या हातात दिली. "डोकी आहेत असं गृहीत धरून देतोय. आणि अट एकच. जशी नेताय, तशी आणा."

*

हेल्मेट घालणं म्हणजे पुणेकराच्या स्वातंत्र्यावर घाला, हे आपल्याला माहीतच आहे. शकीलनं निमूट घातलं. मी माझं कोपरात अडकवलं. शहरात कोणी ओळखीचं भेटलं तर बुलेटवर आपला चेहरा दिसायला नको का?

कात्रज गेलं, खंबाटकी गेला, तरी ते कोपरातच. साताऱ्याच्या अलीकडे एका हवालदारानं आम्हाला बाजूला घेतलं. माझ्या गळ्यातलं आयकार्ड नीट वाचलं. हो, ते मी ट्रिपलाही घातलं होतं!

"साहेब, कॉम्प्युटरमधी काम करता व्हय?" त्यानं विचारलं.

"हो," मी ऐटीत म्हणालो.

"कोपरानं करता काय?"

शकील हेल्मेटच्या आत इतका हसला की काच धुरकट झाली. मी हेल्मेट घातलं आणि आयकार्ड काढून खिशात टाकलं.

*

निपाणीच्या पुढे आम्ही चहाला थांबलो. उतरताना टपरीवरची पोरं माझ्याकडे बघून खिदळत होती. मला कळेना. शकील म्हणाला, "विन्या, आता माझी कंबर सोड. गाडी थांबली आहे."

मी पुण्यापासून त्याला मिठी मारून बसलो होतो! बुलेटच्या मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होतो आणि जिवाची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

"असं कंबर धरून फक्त अम्मी बसायची," शकील बशीत चहा ओतत म्हणाला. "दर रविवारी अब्बा तिला फिरायला न्यायचे. कधी सिंहगड, कधी नुसतं कॅम्पात. एका बाजूला पाय सोडून बसायची, उजवा हात अब्बांच्या पोटाशी. हातभर काचेच्या बांगड्या. बुलेट गल्लीत शिरली की आम्ही पोरं पैज लावायचो, आधी फटफट ऐकू येते की किणकिण."

अम्मी जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती.

"ती गेल्यावर अब्बांनी गाडी कुठे नेलीच नाही. रोज सकाळी पुसतात. नुसती पुसतात. त्यांच्याकडे आता तेवढंच आहे रे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तिच्यानंतर त्या सीटवर बसलेला तू पहिला. अम्मीची जागा कोणी घेईल असं वाटलं नव्हतं, तेही इतक्या जाड माणसानं!"

मी हसलो. पुढच्या प्रवासात मात्र मागचा कॅरिअर धरून बसलो. ती जागा आपली नाही, एवढं मला कळलं होतं. एवढंच कळलं होतं.

*

कुद्रेमुखच्या नाक्यावर वनरक्षकानं आमचा गाडी नंबर घेतला, वेळ घातलेली चिठ्ठी दिली आणि कानडी-हिंदीत समजावलं की पलीकडच्या नाक्यावर अमुक वेळेच्या आत बाहेर पडायचं, मध्ये कुठे मुक्काम ठोकायचा नाही.

आमच्यासारख्यांना चिठ्ठीवर वेळ दिसली की काय होतं? डेडलाइन!

"शकील, ताण!" मी मागून ओरडलो. आणि त्यानंही ताणली. दोन्ही बाजूंना हिरवे गोलगोल डोंगर, घळींमध्ये दाट झाडी, रस्त्यावर उतरलेलं धुकं. म्हणजे असणार. मी शकीलच्या पाठीआडून फक्त घड्याळ बघत होतो. दिलेल्या वेळेच्या निम्म्यात आम्ही पलीकडे! क्लायंटला रिलीज आधी दिल्याच्या थाटात मी चिठ्ठी पुढे केली.

तिथल्या वनरक्षकानं चिठ्ठी पाहिली, घड्याळ पाहिलं, आम्हाला पाहिलं. "इतना जल्दी कैसा आया?"

"हम फास्ट हैं!" मी छाती फुगवून सांगितलं.

"फास्ट आने को मना है. जानवर रास्ता क्रॉस करता है." आणि त्यानं नाक्याच्या बाकाकडे बोट दाखवलं. उरलेला वेळ संपेपर्यंत दोघांनी तिथं बसायचं!

बसलो. मांडीवर हेल्मेटं घेऊन, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. तेवढ्यात एमएच-१२ची गाडी येऊन थांबली. आतल्या काकूंनी बुलेटचा नंबर पाहिला, मग आम्हाला पाहिलं.

"पुण्याचे का?"

"हो."

काकू नवऱ्याकडे वळल्या. "बघा! हळू चालवा म्हणत होते ना? असं बसवतात."

गाडी निघून गेली. शकील म्हणाला, "इतक्या लांब येऊन आपण जंगलाचा फक्त डांबरी भाग पाहिला."

*

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यानं, या वेळी हळू. आणि इथे मी तोंड उघडलं. "थोडा वेळ मला चालवू दे ना."

"तू स्कूटरवाला. हिचे गिअर उजव्या पायात आहेत आणि ब्रेक डाव्या. जमेल?"

"त्यात काय? उलटं तर उलटं!"

दुसऱ्याच्या कोडची एक ओळ मी तपासल्याशिवाय सोडत नसे. स्वतःचा पाय मात्र तपासायचं सुचलं नाही.

पहिला थोडा वेळ छान गेला. मी चक्क डोंगर पाहिले. मग एक वळण घेतलं आणि समोर, रस्त्याच्या मधोमध, गवा! काळाकभिन्न, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, आमच्याकडे शांत नजरेनं बघत उभा.

मी सगळी ताकद लावून ब्रेक दाबला. उजव्या पायानं. म्हणजे गिअर बदलला. गाडी थांबेना म्हणून आणखी जोरात दाबला! शेवटी हँडल वळवलं आणि आम्ही तिघंही, मी, शकील आणि बुलेट, कडेच्या दगडावर जाऊन आडवे झालो. वेग फार नव्हता, म्हणून हाडं वाचली.

गव्यानं मान वळवली आणि सावकाश झाडीत निघून गेला.

"लागलं का रे?" मी विचारलं.

 शकीलनं एकट्यानं गाडी उभी केली. टाकीच्या डाव्या अंगाला वाटीएवढा पोचा पडला होता आणि रंग खरवडून पत्रा दिसत होता. त्यानं त्यावर तळवा ठेवला, जखमेवर ठेवतात तसा. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "अब्बांना काय सांगू?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या रस्त्यावर कळलं.

*

परतताना कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं एक गॅरेज सापडलं. पेंटर टाकीवर बोट फिरवत म्हणाला, "एवढाच भाग मारला तर ठिगळ दिसंल. समदी टाकीच रंगवाय लागंल."

रजा वाढवणं भाग होतं. मी गॅरेजमधूनच ऑफिसला फोन लावला आणि आमच्या टीम लीडना खोल आवाजात सांगितलं, "मॅडम, मला ताप आहे. हॉस्पिटलात आहे."

त्याच वेळी मागे हातोड्याची ठाणठाण सुरू झाली.

मॅडम म्हणाल्या, "असू दे हो. पेशंटला सांभाळून ठोकायला सांगा."

शकील जेवायला गेला होता तेव्हा पेंटरनं मला हाक मारली. "सायेब, ह्या मागल्या बारीक रेघोट्या बी घासून काढू काय? न्हाईतर तेवढी मागली कड सोडून मारतो."

मी क्षणाचाही विचार केला नाही. उलट मला आनंदच झाला, आपल्या हातून एक तरी चांगलं काम होतंय!

"काढा की! एकसुद्धा ठेवू नका."

टाकी झाली तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. "म्हातारीची नवरी केली बघा," पेंटर म्हणाला. शकील दोन दिवसांनी पहिल्यांदा हसला. त्याचं लक्ष सगळं डाव्या बाजूला, पोच्याच्या जागी होतं.

*

रविवारी दुपारी आम्ही चाचांच्या दारात गाडी उभी केली. फटफट ऐकून चाचा पिवळं फडकं घेऊनच बाहेर आले. आधी आम्हाला न्याहाळलं. "डोकी आणलीत परत. छान."

मग ते गाडीभोवती फिरू लागले. डाव्या बाजूला आले. जिथे पोचा होता तिथून त्यांचा अंगठा सरळ पुढे सरकला, कुठे अडला नाही. शकीलनं माझं मनगट घट्ट धरलं. पास!

चाचा उजवीकडे गेले. टाकीच्या मागच्या कडेशी फडकं थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाकून पाहिलं. मग अंगठ्यानं चाचपलं, एकदा, परत एकदा.

"इथं काही नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही, चाचा!" मी पुढे होऊन म्हणालो. "जुनेसुद्धा काढून घेतले! मी स्वतः सांगितलं त्याला!"

 चाचा गाडीवर बसले. चावी लावली नाही. स्वतःचा उजवा हात पोटाशी धरला आणि मनगट टाकीच्या कडेवर हळूहळू मागेपुढे केलं.

शकीलनं माझं मनगट सोडलं.

"तिच्या बांगड्यांचे होते ते," चाचा म्हणाले.

 चाचा खाली उतरले, फडक्याची चौकोनी घडी केली आणि ती सीटवर ठेवली. मागच्या सीटवर.

"जशी नेताय, तशी आणा म्हणालो होतो," ते म्हणाले. "नवी कुठे मागितली होती?"