पडद्यावरची रेघ आणि माझी धाकटी जाऊ

डोळ्याच्या ऑपरेशनला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा तशीच परत आले. मोतीबिंदूचंच हो, दुसरं काही नाही. चहा पिऊन होईस्तोवर उरकतं म्हणतात. पण त्याआधी दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघतात, आणि माझं बीपी तिथं गेलं की असं चढायचं की डॉक्टर नुसती मान हलवायचे. घरी बघितलं तर बरं असायचं. गोळी मी कधी चुकवत नाही. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "मावशी, एवढं बीपी असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. पण फार थांबूनही चालणार नाही. डावा डोळा बराच गेलाय."

त्या दिवशी मी घरी येऊन जेवलेसुद्धा नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. बाकीचं सगळं वाचन लग्नानंतरचं. आधी किराणा बांधून यायचा ते कागद, मग पेपर, मग वाचनालयातली पुस्तकं. अडलेला शब्द चुलीपुढं बसून मनात घोळवायचा आणि अर्थ लागला की एकटीच हसायचं, असं माझं शिक्षण. मालक गेल्यापासून तर दुपारची सगळी सोबत पुस्तकांचीच. आता अक्षरं भिजून पसरल्यासारखी दिसायला लागली होती. ती पुरती गेली तर मी दिवसभर करायचं काय?

डोळ्याच्या डॉक्टरांनीच राजारामपुरीतल्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. तिथं एक मुलगी बायोफीडबॅक म्हणून काहीतरी शिकवते, तिच्याकडं चार-सहा वेळा जाऊन या म्हणाले.

आमचं घर शिवाजी पेठेत. वर मी, खाली माझी धाकटी जाऊ. तिचा आवाज असा, की फुटबॉलची मॅच जिंकून पोरं गल्लीत आली तरी तिच्या हाका वेगळ्या ऐकू येतात. माझ्या सगळ्या दवाखान्यांना तीच सोबत.

"अवो अक्का, तिथं शॉक देत्यात काय ओ?" तिनं जिन्यातनंच विचारलं.

"देऊ देत की. एक तार तुलाबी लावायला सांगते."

"मला कशाला? माझं बीपी काय चढतंया व्हय?"

शॉक वगैरे काही नव्हतं. एक खुर्ची, समोर टीव्हीसारखा पडदा. त्या मुलीनं माझ्या बोटाला चिमटा लावला, पोटावरनं एक पट्टा बांधला. पडद्यावर एक रेघ माझ्या श्वासाची, एक नाडीची, आणि कोपऱ्यात आकडा, तो बोटं किती ऊन आहेत त्याचा. म्हणाली, "आजी, हे यंत्र तुम्हाला काही करत नाही. तुमच्या आत काय चाललंय ते फक्त दाखवतं. ते बघत बघत आपणच आपल्याला सावकाश करायचं. गोळी मात्र चालूच ठेवायची, बरं का." माणूस घाबरला की बोटं गार पडतात आणि निवांत झाला की ऊन होतात, हेही तिनं सांगितलं.

मला वाटलं, ही परीक्षा. फोटोला बसतात तशी ताठ बसले. डोळे मिटले आणि दत्ताचं नाव घ्यायला सुरुवात केली. महिन्यातनं एकदा नृसिंहवाडीला जाणारी बाई मी, नामाची रोजची सवय. म्हटलं, आता बघू दे ह्या पोरीला शांत बसणं काय असतं ते.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आजी, काय करताय?"

"शांत बसलीय की!"

"शांत बसायला केवढा जोर लावताय!"

डोळे उघडून बघितलं तर रेघ करवतीच्या दातांसारखी. माझं मलाच हसू आलं, पण लगेच मनात आलं, इतकी वर्षं नाम घेतलं ते काय असं घाईघाईनं, संख्या भरायला? देवापुढंसुद्धा मी स्वयंपाक उरकल्यासारखीच बसत होते की काय?

आणि पोटावरचा पट्टा तर हलेचना. ती सांगते पोटानं श्वास घ्या, मी घेते, पट्टा जागच्या जागी. शेवटी लक्षात आलं, परकराची गाठ. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासनं आम्ही ती करकचून बांधत आलो. सैल बांधली की आई ओरडायची, बाईमाणूस कसं आवळलेलं पाहिजे म्हणायची. ती गाठ मी त्या पोरीसमोर दोन बोटं सैल केली, आणि काय सांगू, श्वास असा खाली उतरला की मला वाटलं, हा इतकी वर्षं कुठं होता?

तिसऱ्या वेळेपर्यंत बरं जमायला लागलं. श्वास हळू घ्यायचा, सोडताना आणखी हळू. रेघ गोल गोल व्हायची, टेकड्यांसारखी. त्या दिवशी धाकटी हट्टानं आत आली. "बगू तरी आमच्या अक्काच्या आत काय चाललंय."

मी रेघ छान गोल करून दाखवली. तिला इतकं कौतुक वाटलं की ती खुर्चीवरनं पुढं सरकली आणि म्हणाली, "बास! आता भ्यायचं न्हाय अक्का. मी हाय न्हवं!"

नाडीची रेघ ताडकन वर गेली. श्वासाची तर पार सपाट झाली, म्हणजे श्वासच थांबला. कोपऱ्यातला आकडा खाली यायला लागला.

धाकटीला वाटलं मी घाबरले, म्हणून तिनं आणखी मोठ्यांदा तेच म्हटलं. नाडी आणखी वर. त्या मुलीनं माझ्याकडं बघितलं. धाकटी पडद्याकडं बघत होती. काय समजायचं ते ती समजली.

"ह्ये यंत्र माझी चहाडी सांगतंय व्हय," असं म्हणून ती उठली आणि बाहेर जाऊन बसली. परतताना रिक्षात राजारामपुरीपासून पेठेपर्यंत एक शब्द बोलली नाही. असं तिच्या जन्मात पहिल्यांदा झालं असेल.

मला मात्र उमगलं होतं, आणि ते तिला सांगायचं कसं तेच कळत नव्हतं. मालकांना हृदयाच्या झटक्यानं दवाखान्यात नेलं, तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. धाकटी आतनं आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, भ्यायचं न्हाय अक्का, मी हाय न्हवं. आणि तिच्या मागोमाग डॉक्टर आले. ते काय म्हणाले ते मला आठवत नाही. तिचं वाक्य आठवतं. दोन्ही वेळा डोळ्याच्या दवाखान्यात, पट्टा बांधायच्या आधी, तिनं मला हाच धीर दिला होता.

ह्या बाईनं माझ्या सुखदुःखात कधी पाठ दाखवली नाही. तिला कोणत्या तोंडानं सांगू, की तुझ्या धीरानंच माझा श्वास अडकतो? दोन दिवस ती वर आली नाही. तिसऱ्या दिवशी मीच मेथीच्या जुड्या घेऊन खाली गेले. निवडता निवडता सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. एक जुडी संपली, दुसरी घेतली.

मग म्हणाली, "मग मी काय म्हणू?"

"काय म्हणू नको. नुसती बस."

"नुसती? गप? अक्का, त्यापरास माझंच ऑपरेशन करा म्हणावं."

पण तिनं मनावर घेतलं. रोज दुपारी वर यायची, माझ्यापुढं बसायची, ओठ घट्ट मिटून. मी श्वास सावकाश सोडायची. घरात यंत्र कुठलं? म्हणून ती माझी बोटं हातात घ्यायची. सुरुवातीला नुसतं "गार." मग बऱ्याच वेळानं "आली ऊन." एवढे दोनच शब्द तिला परवानगीचे. एकदा मधेच तिला उचकी लागली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की त्या दिवशी श्वास राहिलाच.

ऑपरेशनच्या दिवशी तिनं माझी बोटं धरली ती धरली. पहिल्यांदा बीपी बघितलं, तर जास्तच. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास बघू. धाकटीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी परकराची गाठ चाचपली, सैल होती. दत्ताचं नावही घेतलं, पण ह्या खेपेला मोजलं नाही. दुसऱ्यांदा पट्टा बांधला तेव्हा थोडं उतरलं होतं. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "चला मावशी."

आत तोंडावर हिरवं फडकं टाकलं तेव्हा श्वास अडकलाच एकदा, खोटं कशाला सांगू. पण अडकला हे मला कळलं. आणि कळल्यावर सोडताही आला.

बाहेर आले तर डोळ्यावर पट्टी. धाकटी उठून उभी राहिली.

"बोलू का आता?"

"बोल की बाई."

मला वाटलं आता धबधबा सुटणार. पण तिनं हळूच विचारलं, "भ्यालता काय ओ?"

"भ्याले की."

"मीबी." तिनं माझा पदर सारखा केला. "त्या दिशीबी लई भ्यालते अक्का. भाऊजींच्या येळंला. म्हणून तर बोललेते."