चिखल्या मामूचा पट्टा

चिखल्या मामूसारखा आडमुठा माणूस डोंगरकडा गावच्या बाजारात हुडकून सापडायचा न्हाई. धंदा पिंजाऱ्याचा, गाद्या भरायचा. हिवाळ्यात तळ्याचं पाणी मागं सरलं की उघड्या गाळात टरबुजं लावायचा. पण पाण्याकडचा पट्टा दरसाल तसाच सोडायचा. काहून? तर तिथं चिखल्या पाखरं उतरतेत. काडीवानी पाय, मूठभर जीव. त्यांच्यापायी मला मेंढरं पाण्यावर न्यायला बाभळीतून वळसा. मेंढरांची लोकर अन् माझं धोतर, दोन्ही काट्यांला.

"मामू, मेंढरं तहानली."

"तेरी मेंढरं इथलीच हायेत, बेटा. ही बर्फाच्या मुलखातून येऊन राहिली, अजून समिंदरापातुर जायचंय. इथं निस्ता थांबा. येस्टी फाट्यावर थांबली की मानसं भजे खातेत का न्हाई? तसं. सारखं उठवलं तर खाल्लेलं उडण्यातच जातं. मग वाटंतच मरतेत."

मला कुणी फाट्यावर भजे खाऊ घातले न्हाईत. मेंढरं वळवली बाभळीत.

एकदा मामू बाजारला गेला बघून म्हणलं, आज सरळ. मेंढरं काठालाच थांबली, त्यांला अक्कल. मी पुढं झालो अन् कंबरेपातुर गाळात रुतलो. लई उशिरानं मामू आला. वाटलं, दोर टाकंल. तर बांधावर बसून बिडी पेटवली.

"हलू नको. उडतील."

"मामू, मी खाली चाललो."

"कंबरेपरीस जास्त कुणी खाली जात न्हाई इथं. गुमान ऱ्हाय."

राहिलो. चिखल्या माझ्याभवती चरत आल्या. पळायच्या, थांबायच्या, चोच मारायच्या. एकीनं तर माझ्या हातापशी किडा वढला. त्या पुढं सरकल्या तवा कुठं दोर आला. वर बोलला, "केवढी जागा खराब केलीस."

मामू वारला त्या हिवाळ्यात म्हणलं, सुटलो एकदाचा. मेंढरं सरळ पट्ट्याकडं हाकली. पुढची म्हातारी मेंढी पट्ट्यापशी आली, वळली अन् बाभळीत शिरली. मागून सगळी. मी आडवा गेलो, काठी आपटली, शिव्या दिल्या. एक बी मागं फिरली न्हाई.

पट्ट्यावर चिखल्या खाऊन राहिल्या होत्या. मी बी मग गेलो मेंढरांच्या मागं, काट्यांतून धोतर सोडवीत.