पुठ्ठ्याच्या आड

औंदा माझं वय पंच्याऐंशीच्या वर गेलं, म्हणून मत घ्यायला निवडणुकीची माणसं बजाजनगरात घरीच आली. सुनेनं चहा टाकला, तर त्यांच्यातल्या मोठ्या बाई म्हणल्या, "नको, आज कुणाच्याच घरचा घेत नाही." त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला अन् माझ्या लेकाला म्हणल्या, "दादा, तुम्ही बाहेर थांबा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ऱ्हाऊ द्या त्याला. त्याच्याबिगर मला कसं कळंल?"

बाई हासल्या नाय. "मत तुमचं आहे ना, आजी?" येवढं म्हणल्या अन् भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मला लई लाज वाटली. आधी सासरा सांगायचा, मग मालक, मग लेक. मी शिक्का मारीत, पुढं बटण दाबीत आले, अन् वर म्हणायची, निवडणुकीत समदी लबाडीच चालती. मताच्या कागदावरली चित्रं वळखीची व्हती, पण माझ्या मनात कोण हाय, तेच मला ठाऊक नव्हतं. लई येळ बसले. मग खूण केली, पाकीट चिकटवलं.

दारातून लेक म्हणला, "माय, कुणाला दिलं?"

मी मान वर केली नाय. म्हणलं, "बाई पाठमोऱ्या राहिल्या. तू बी ऱ्हा."