पगार नसलेला महिना

बाबा इंदूरला विजय नगरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात सेल्समन होते. फेब्रुवारीत शेजारची दोन दुकानं बंद पडली आणि बाबांच्या मालकाने नवा माल मागवणं थांबवलं. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "दुकान किती दिवस चालेल, सांगता येत नाही." मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, म्हणून आई-बाबा दोघंही माझ्याकडे बघू लागले. नोकरी गेल्यावर घर कसं चालवायचं, हे जणू कॉलेजात शिकवतात. मला काही येत नव्हतं, पण तसं सांगायचा धीर झाला नाही.

वाट आईने काढली. ती घरी साड्यांना फॉल-पिको करते. मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "पगार गेल्यावर कशाला शिकायचं? आत्ताच गेला असं समजू. एक महिना करून बघू."

मार्च महिना ठरला. आईच्या कामाचे आणि मी घेत असलेल्या ट्यूशनचे पैसे, तेवढ्यावर घर. बाबांचा पगार बँकेत, त्याला हात लावायचा नाही. घर आजोबांनी बांधलेलं, त्यामुळे भाडं नव्हतं. यादी मी केली. वर्षाचे गहू काढून टाकले, कारण त्यात एकदम मोठी रक्कम जाते. त्याऐवजी दर महिन्याला पिठाची पाकिटं लिहिली. शेव-नमकीन बंद. स्कूटर बंद, सिटी बस चालू. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'कॉलेज – नंतर बघू.' तिसऱ्या वर्षाची फी जुलैत भरायची होती आणि ती कुठेच बसत नव्हती. ती ओळ मी कुणाला वाचून दाखवली नाही.

तिसऱ्या रविवारी सकाळी बेटमा गावाहून आत्या आली. बाबांची मोठी बहीण. आईने पोहे केले. आत्याने बशीकडे पाहिलं.

"अगं, शेव विसरलीस."

"संपली, ताई."

"इंदूरात शेव संपली?" आत्या बाबांकडे वळली. "क्यों भिया, घरात कोणी गेलंय का?"

बाबांना हसता आलं नाही. "कोणी गेलं नाही, ताई. नोकरी जायच्या बेतात आहे."

आत्याने धीरबीर काही दिला नाही. सगळं ऐकून घेतलं, पोहे संपवले, चष्मा लावला आणि यादी मागितली. ती सातवी शिकलेली, पण मोठ्याने वाचते.

"गहू काढले? बारा महिने पाकिटातलं पीठ? छोरी, हेच शिकवतात का कॉलेजात?"

"एकदम खूप पैसे जातात ना, आत्या."

"मग आज पगार आहे तर आज जाऊ दे! बंद झाल्यावर कोण आणणार? कोठीत गहू असले की माणूस घाबरत नाही. मतलब, कमी घाबरतो." मग तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "आणि हे काय? कॉलेज नंतर बघू? नंतर काय बघणार तू?"

आईचं मशीन थांबलं. बाबांनी कागद घेतला.

"हे तू लिहिलंस?"

"हिशोब जुळत नव्हता, बाबा."

"मग मला विचारायचं. गिऱ्हाइकाला एक साडी नाही पटली तर मी दुसरी काढून दाखवतो. दुकान बंद करत नाही."

त्यांनी मला नवा कागद घ्यायला लावला. पहिल्या ओळीत कॉलेज, त्याखाली डाळ-तांदूळ. जेवणाची वेळ टळली तरी आम्ही चौघं बसून होतो. आत्याने तिच्या गावातल्या शेजारच्या शेतातले गहू कापणीच्या भावाने द्यायचं कबूल केलं. दळण धरूनही ते पाकिटांपेक्षा बरेच स्वस्त पडत होते. उभी असलेली स्कूटर विकायची ठरली. आई हळूच म्हणाली, "मी पिकोचे पाच रुपये वाढवते. तीन वर्षं लाज वाटत होती." शेवटी आत्या म्हणाली, "शेव लिही, पावकिलो. नाहीतर मी यायची नाही."

एप्रिलमध्ये तीन क्विंटल गहू आले. गच्चीवर ऊन दाखवून, कीड लागू नये म्हणून आम्ही त्यांना एरंडेल लावलं. बाबांचे हात कोपरापर्यंत तेलकट झाले होते.

जूनच्या शेवटी दुकान बंद झालं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नवीन काहीच करावं लागलं नाही. मार्च संपल्यावरही आम्ही त्याच यादीवर घर चालवत होतो, उरलेला पगार बँकेतच जात होता. आठवड्याभरात एका गोदामातून बोलावणं आलं, बारा तास काम आणि निम्मा पगार. बाबा लगेच निघणार होते. आई म्हणाली, "नाही म्हणून सांगा. दिवाळीपर्यंतचं आहे आपल्याकडे." बाबांनी फोन लावला आणि नाही म्हणाले. कुठल्याही मालकाला नाही म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

नोकरी ऑगस्टमध्ये लागली, पलासियाला, साड्यांच्या दुकानात. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, जुलैचं. फी भरायला बाबा माझ्याबरोबर कॉलेजात आले. गरज नव्हती, मी एकटी भरू शकले असते. खिडकीतल्या बाबूंनी फॉर्म पाहिला. वडिलांच्या व्यवसायापुढे मी खरं तेच लिहिलं होतं, 'सध्या नाही.' त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि चांगुलपणानेच हप्त्यांचं विचारलं, "किश्तों में भरेंगे?"

"नहीं जी," बाबा म्हणाले, "पूरी."

पावती हातात आली तरी ते खिडकीपासून हटले नाहीत. मागे रांग होती. त्यांनी ती पावती सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली.